आयर्लंड: जीडीपी मोजायचा की बोटीत चढणारी पोरं?

"कंपन्यांवरचा कर कमी करा, परदेशी कंपन्या रांग लावतील, देश श्रीमंत होईल. विश्वास नसेल तर आयर्लंड बघा."

हे वाक्य टीव्हीवरच्या चर्चेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि बजेटच्या दिवशी तर हमखास ऐकू येतं. वाक्य खोटं नाही. आयर्लंडचा दरडोई जीडीपी आज जगातल्या पहिल्या काही देशांत मोजला जातो. ज्या ब्रिटनने त्यांच्यावर शतकानुशतकं राज्य केलं, त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. पण हे वाक्य अर्धंच आहे, आणि राहिलेलं अर्धं जास्त कामाचं आहे. ते सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी एक आकडा. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. आज, उत्तर आयर्लंड धरूनसुद्धा, ती ७० लाखांच्या थोडी वर आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोटला आणि माणसं कमीच! १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरीब आयरिश माणूस बटाट्यावरच जगायचा. पुढच्या पाच-सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून निघून गेली. दुष्काळ संपला, बोटी मात्र थांबल्या नाहीत. पुढची शंभर वर्षं घराघरातून एक-दोन पोरं अमेरिकेला, इंग्लंडला जात राहिली. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री गाव त्याच्या घरी जमायचा आणि मयताच्या घरी रात्र जागवतात तशी रात्र जागवायचा. कारण हे पोर पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. याला तिकडे 'अमेरिकन वेक' म्हणत.

म्हणून आयर्लंडच्या प्रगतीचा हिशोब मांडताना जीडीपीच्या आधी एक साधा आकडा बघावा लागतो: यंदा किती पोरं देश सोडून गेली आणि किती परत आली? तिथला सामान्य माणूस सरकारचं मूल्यमापन याच आकड्यावर करत आलाय. आपणही या पोस्टमध्ये तोच आकडा हाताशी ठेवू.

स्वातंत्र्य मिळालं, बोटी चालूच

१९२२ मध्ये आयर्लंडच्या २६ परगण्यांना स्वतःचं सरकार मिळालं. १९३२ मध्ये एमन डी व्हॅलेरा सत्तेवर आले. त्यांचं धोरण आपल्याला फार ओळखीचं वाटेल. स्वदेशी. आयातीवर जबर कर, परदेशी मालकीच्या कारखान्यांवर कायद्याने बंधनं, छोटा शेतकरी हा देशाचा कणा, साधी राहणी. शिवाय ब्रिटनशी १९३२ ते १९३८ व्यापारयुद्ध.

हेतूत खोट नव्हती. शतकानुशतकं लुटल्या गेलेल्या देशाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणणं साहजिकच होतं. पण जेमतेम ३० लाख लोकांची बाजारपेठ ती केवढी? तेवढ्यासाठी काढलेला कारखाना लहानच राहणार, माल महागच पडणार, आणि बाहेर तो कोणी घेणार नाही. निर्यात म्हणजे मुख्यतः ब्रिटनला जाणारी गुरं. गुरं निर्यात करायला किती माणसं लागतात?

बाकी युरोप दुसऱ्या महायुद्धाच्या राखेतून उठून धावत होता, त्याच १९५० च्या दशकात आयर्लंडमधून सुमारे ४ लाख माणसं निघून गेली. १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या भरली फक्त २८ लाख १८ हजार. तेव्हा तिथे गंभीरपणे चर्चा चालायची की आयरिश माणूस नावाचा प्राणी शिल्लक राहणार की नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी लोक फासावर गेले, त्या देशात राहायला कोणी तयार नाही, ही बोच फार खोल होती.

एका कारकुनाने लिहिलेला अहवाल

इथे टी. के. व्हिटाकर हा माणूस येतो. परीक्षा देऊन सरकारी नोकरीत कारकून म्हणून लागलेला, नोकरी करता करता लंडन विद्यापीठाच्या पदव्या बाहेरून मिळवलेला. १९५६ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो अर्थखात्याचा सचिव झाला. ज्येष्ठता डावलून. त्याने हाताखालच्या काही अधिकाऱ्यांना घेऊन 'इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' नावाचा अहवाल लिहिला. १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये तो त्याच्या नावानिशी छापला गेला. सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने धोरणाचा कागद छापायची पद्धत तिथेही नव्हती.

अहवालाचा गाभा असा: आयातकराच्या भिंतींमागे लपून आपण आपलीच माणसं बाहेर घालवतोय. भिंती हळूहळू उतरवा, परदेशी भांडवल येऊ द्या, सरकारी पैसा उत्पादक कामाला लावा, निर्यात वाढवा. पुढच्याच वर्षी डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष झाले आणि शॉन लेमास पंतप्रधान. गंमत बघा, आयातकराच्या त्या भिंती उद्योगमंत्री म्हणून उभारल्या होत्या याच लेमासनी! आणि पाडायला घेतल्या तेही यांनीच. आपण बांधलेलं आपल्या हाताने मोडायला जी हिंमत लागते ती त्यांनी दाखवली. १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला.

शॅनन: विमानतळ वाचवायला निघाले आणि...

कराची गोष्ट इथे सुरू होते, आणि ती सुरू झाली जरा वेगळ्याच कारणाने.

देशाच्या पश्चिम टोकाला शॅनन विमानतळ आहे. अटलांटिक ओलांडणारी जुनी विमानं तिथे इंधन भरायला थांबायची. १९४७ मध्ये ब्रेंडन ओरेगन या माणसाने तिथे जगातलं पहिलं ड्युटी फ्री दुकान काढलं. पण १९५० च्या दशकाअखेरीस जेट विमानं आली, ती न थांबता थेट जाऊ शकत होती. विमानतळ ओस पडायची वेळ आली. ओरेगनने डोकं लढवलं: विमानं थांबत नाहीत ना, मग विमानतळाच्या कुंपणालगत कारखानेच आणू. कच्चा माल बिनाकर येणार, पक्का माल बिनाकर जाणार. १९५९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. आपल्याकडे अंधेरीला सीप्झ आहे ना, त्याच जातीची. सीप्झ १९७३ चं, शॅनन त्याच्या १४ वर्षं आधीचं.

याच सुमारास सरकारने निर्यातीच्या नफ्यावरचा कर आधी निम्मा आणि मग पूर्ण माफ केला. युरोपने हरकत घेतल्यावर १९८१ पासून सगळ्या कारखानदारीला १० टक्के कर आला, आणि २००३ पासून सरसकट १२.५ टक्के. म्हणजे कमी कराचं धोरण १९५० च्या दशकापासून आहे. मग प्रश्न असा की आयर्लंडची ती प्रसिद्ध भरभराट १९९० च्या दशकापर्यंत का थांबली? कर तर आधीच शून्य होता! नुसत्या कराने व्हायचं असतं तर १९७० मध्येच झालं असतं.

उत्तराचा मोठा भाग शाळेत आहे.

न विचारता केलेली घोषणा

१९६६ पर्यंत आयर्लंडमध्ये माध्यमिक शाळेला फी होती. प्राथमिक शाळा संपली की जवळपास दर तीन मुलांतलं एक मूल शिक्षणातून कायमचं बाहेर पडायचं. शेतावर, नाहीतर बोटीत.

डोनो ओमॅली तेव्हा शिक्षणमंत्री होते. १० सप्टेंबर १९६६ रोजी, शनिवारी, पत्रकारांच्या एका कार्यक्रमात त्यांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षीपासून माध्यमिक शिक्षण मोफत. मंत्रिमंडळाची मंजुरी नाही, अर्थखात्याला पत्ता नाही. पंतप्रधान लेमासना आतून कल्पना होती, असं बरेच इतिहासकार मानतात. अर्थसचिव भयंकर संतापला, त्याने पंतप्रधानांना तक्रारीचं पत्र लिहिलं. हा अर्थसचिव कोण? तर आपला मघाचा नायक व्हिटाकरच! त्याचंही चूक नव्हतं. तिजोरी सांभाळणाऱ्याने 'पैसे कुठून आणायचे' हे विचारायचंच असतं. पण रविवारच्या पेपरांत बातमी आली, आईबापांनी ती वाचली, आणि मागे फिरायची सोय उरली नाही.

सप्टेंबर १९६७ पासून योजना सुरू झाली. खेड्यातल्या मुलांना शाळेत न्यायला मोफत बस ठेवल्या. हा बारकावा महत्त्वाचा, कारण फी माफ करून शाळा १५ किलोमीटरवर असेल तर गरिबाचं पोर जाणार कसं? ओमॅली स्वतः १९६८ च्या मार्चमध्ये, ४७ व्या वर्षी वारले. आपल्या निर्णयाचं फळ त्यांना दिसलं नाही. पाठोपाठ गावोगावच्या मोठ्या ठिकाणी तंत्रशिक्षणाची कॉलेजं निघाली, १९७२ मध्ये लिमरिकला नवी उच्च शिक्षणसंस्था उघडली.

आता साधा हिशोब करा. १९६७ मध्ये १२ वर्षांचा असलेला मुलगा १९८० मध्ये २५ वर्षांचा झाला. ॲपलने कॉर्कमध्ये कारखाना काढला तो १९८० मध्ये. मायक्रोसॉफ्ट आली १९८५ मध्ये. इंटेलने डब्लिनजवळ लीक्सलिपला यायचं ठरवलं १९८९ मध्ये. झाड लावल्यापासून फळ धरेपर्यंत वीस-बावीस वर्षं गेली. मधल्या काळात किती निवडणुका होऊन गेल्या असतील!

इंटेलचा किस्सा तर सांगायलाच हवा. कंपनीची शंका होती की एवढ्याशा देशात चिप बनवायला अनुभवी इंजिनिअर मिळणार कुठून? तेव्हा आयडीए या गुंतवणूक आणणाऱ्या सरकारी संस्थेने परदेशात काम करणाऱ्या आयरिश इंजिनिअरांना गाठून विचारलं: घरी चांगली नोकरी मिळाली तर परत याल का? बहुतेकांचं उत्तर 'हो' होतं. ती उत्तरं इंटेलपुढे ठेवली. म्हणजे जी पोरं निघून गेली म्हणून आईबाप रडले, तीच देशाची ठेव ठरली.

युरोप आणि बायका

१ जानेवारी १९७३ रोजी आयर्लंड युरोपीय समुदायात गेला. तेव्हा त्याचं दरडोई उत्पन्न समुदायाच्या सरासरीच्या सुमारे ६० टक्के होतं. शेतीमालाला चांगले भाव मिळाले, पुढे रस्त्यांना आणि प्रशिक्षणाला युरोपचा पैसा मिळाला. त्याहून मोठं म्हणजे, अमेरिकी कंपनीला इंग्रजी बोलणाऱ्या देशात बसून सगळ्या युरोपात बिनाकर माल विकायची सोय झाली. एकट्या ब्रिटनच्या ओंजळीने पाणी प्यायचे दिवस संपले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली जी अर्थशास्त्राच्या गप्पांत कोणी काढत नाही. तोवर आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की तिला राजीनामा द्यावा लागायचा. नियमच होता. १९७३ मध्ये तो रद्द झाला. पुढे कुटुंबं लहान झाली, मुली शिकल्या, आणि १९९० च्या दशकात लाखोंनी बायका कामावर आल्या. कमावणारे हात वाढले, खाणारी तोंडं त्या मानाने कमी झाली. आयर्लंडच्या भरभराटीतला हा फार मोठा वाटा आहे. तो कुठल्या कंपनीने आणलेला नाही.

सगळं बिघडवायला दहा वर्षं पुरली

एवढं सगळं असून १९८० चं दशक भयानक गेलं. १९७७ च्या निवडणुकीत फियाना फॉल पक्षाने घरपट्टी माफ, गाड्यांचा कर माफ अशी आश्वासनं वाटली आणि मोठ्या बहुमताने जिंकला. आश्वासनं पाळली, कर्ज काढून. वर जगात तेलाचे भाव भडकले, व्याजदर चढले. १९८७ पर्यंत सरकारचं कर्ज देशाच्या जीडीपीपेक्षा जास्त झालं आणि बेकारी १७ टक्क्यांवर गेली.

जानेवारी १९८० मध्ये पंतप्रधान चार्ल्स हॉहींनी टीव्हीवरून देशाला ऐकवलं की आपण ऐपतीबाहेर जगतोय, काटकसर करा. पुढे चौकशी आयोगाने उघड केलं की हे गृहस्थ स्वतः श्रीमंत व्यापाऱ्यांनी दिलेल्या लाखो पौंडांवर ऐषआरामात जगत होते, शर्टसुद्धा पॅरिसहून शिवून यायचे. लोकाः सांगे ब्रह्मज्ञान!

आणि बोटी? आता विमानं होती एवढाच फरक. १९८९ या एका वर्षात आलेल्यांपेक्षा गेलेले ४४,००० नी जास्त होते. यावेळी जाणारे पदवीधर होते. सरकारने शिकवलं आणि लंडन-बोस्टनने वापरलं. गावाकडच्या खेळाच्या क्लबांना संघ भरायला पोरं मिळेनात. १९८७ मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान ब्रायन लेनिहान एका मुलाखतीत म्हणून गेले की एवढ्याशा बेटावर सगळ्यांनी राहायचं म्हटलं तर कसं जमणार. लोकांना ते फार लागलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

सगळे एका टेबलावर

१९८७ मध्ये दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींना राजकीय मन मोठं लागतं.

हॉही पुन्हा सत्तेवर आले, अल्पमतात. त्यांचे अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांनी खर्चाला निर्दयपणे कात्री लावली. दवाखान्यांतल्या खाटा गेल्या, लोक होरपळले. विरोधी पक्ष फिना गेलला सरकार पाडणं सहज शक्य होतं. त्यांचे नेते ॲलन ड्यूक्स यांनी सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की सरकार योग्य वाटेवर असेल तोवर आम्ही आडवे येणार नाही. या माणसाला त्याची किंमत पक्षात मोजावी लागली. तीन वर्षांत नेतेपद गेलं.

दुसरं, ऑक्टोबरमध्ये सरकार, कामगार संघटना, मालक आणि शेतकरी संघटना यांचा करार झाला. तीन वर्षं पगारवाढ वर्षाला २.५ टक्के, त्या बदल्यात सरकार प्राप्तिकर कमी करेल, संप टळतील. असे करार पुढे वीस वर्षं होत राहिले.

आता सगळं जुळून आलं. शिकलेली पिढी, युरोपची बाजारपेठ, कामावर आलेल्या बायका, ताळ्यावर आलेला सरकारी खर्च, आणि हो, कमी करसुद्धा. १९९४ मध्ये मॉर्गन स्टॅनलीच्या केव्हिन गार्डिनरने 'केल्टिक टायगर' हे नाव वापरलं आणि ते चिकटलं. १९९५ ते २००० मध्ये अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढली.

पण मला भावणारा आकडा वेगळा आहे. १९२६ मध्ये आयर्लंडमध्ये कामावर असलेली माणसं होती सुमारे १२ लाख. १९८७ मध्ये होती सुमारे ११ लाख. साठ वर्षांत एकाही नोकरीची भर नाही! २००७ मध्ये तीच संख्या २१ लाखांवर गेली. वीस वर्षांत जवळपास दुप्पट. हा कागदोपत्री नफा नव्हता. ही खरी माणसं खऱ्या कामावर होती. १९९६ च्या सुमारास जाणाऱ्यांपेक्षा येणारे कायमचे जास्त झाले, असं वाटू लागलं. २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश संघात आल्यावर पोलंडहून लोक आयर्लंडला कामाला येऊ लागले. ज्या देशाने दीडशे वर्षं माणसं पाठवली, तिथे माणसं येऊ लागली.

मग विटा आल्या

२००० नंतर गाडी रूळ बदलते. बाहेरून वेग तोच दिसतो, आतलं इंजिन वेगळं झालेलं असतं. युरो आल्यामुळे स्वस्त कर्ज मिळू लागलं आणि सगळा पैसा घरबांधणीत गेला. घरांच्या किमती दहा-बारा वर्षांत तिप्पट-चौपट झाल्या. २००६ मध्ये ४२ लाख लोकसंख्येच्या देशात सुमारे ९०,००० घरं बांधली गेली. मुद्रांक शुल्क आणि बांधकामाच्या करांनी सरकारी तिजोरी भरली, त्यावर बाकीचे कर कमी केले आणि खर्च वाढवला. बिल्डर, बँका आणि सत्ताधारी यांची ऊठबस एकत्र. हे सांगायला आपल्याला वेगळं भाषांतर लागू नये.

२००८ मध्ये फुगा फुटला. २९ सप्टेंबरच्या रात्री डब्लिनमध्ये बैठक बसली आणि पहाटेपर्यंत सरकारने सहा बँकांच्या देण्यांची हमी घेतली. रक्कम सुमारे ४४० अब्ज युरो, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या जीडीपीच्या दुपटीहून जास्त. अर्थमंत्री होते ब्रायन लेनिहान. १९८७ च्या त्या लेनिहानांचे चिरंजीव. बँका वाचवायला शेवटी सुमारे ६४ अब्ज युरो गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोप आणि नाणेनिधीकडून ८५ अब्जांचं पॅकेज घ्यावं लागलं. नाणेनिधीच्या पथकाचे प्रमुख होते भारतीय वंशाचे अजय चोप्रा. ते बॅग घेऊन डब्लिनच्या रस्त्याने चाललेत आणि शेजारी फुटपाथवर एक भिकारी बसलाय, हा फोटो जगभर छापला गेला. स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलेल्या देशाला तो फोटो किती झोंबला असेल!

बेकारी १५ टक्क्यांपर्यंत गेली. गावोगाव अर्धवट बांधलेल्या सुमारे २,८०० वसाहती ओस पडल्या, त्यांना 'भुतांच्या वसाहती' म्हणत. आणि आपला तो जुना आकडा? २०१२ च्या सुमारास वर्षाला ८०,००० हून जास्त माणसं देश सोडून जात होती. पर्थ, टोरांटो, लंडन. विमानतळावर पुन्हा त्याच मिठ्या, फक्त स्काइपची सोय नवी.

कर्ज कोणाचं होतं? बिल्डरांचं आणि बँकांचं. फेडलं कोणी? ज्यांची नोकरी गेली, पगार कापला गेला, पोरं गेली त्यांनी.

२६ टक्के!

डिसेंबर २०१३ मध्ये आयर्लंड त्या पॅकेजमधून बाहेर पडला, ठरल्या वेळी. हे कौतुकाचं आहेच. परदेशी कंपन्यांचे कारखाने संकटातही चालू राहिले, त्यांनी निर्यात तारून नेली. कमी कराचे समर्थक हे सांगतात, आणि बरोबर सांगतात.

पण मग आला जुलै २०१६. सरकारी सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलं की २०१५ मध्ये देशाचा जीडीपी २६.३ टक्क्यांनी वाढला. एका वर्षात! डब्लिनमधला माणूस खिसे चाचपून बघत होता की ही वाढ गेली कुठे. झालं होतं असं की ॲपलसारख्या बड्या कंपन्यांनी आपले पेटंट वगैरे हक्क कागदोपत्री आयर्लंडमधल्या कंपनीच्या नावावर आणले होते. वस्तू बनते चीनमध्ये, विकली जाते जर्मनीत, नफा दिसतो आयर्लंडमध्ये. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने याला आयरिश लोककथांमधल्या सोन्याचा हंडा लपवणाऱ्या बुटक्याचं नाव देऊन 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हटलं. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयानेच २०१७ मध्ये वेगळं माप काढलं, ज्यात हा कागदी नफा वगळतात. त्या मापाने २०२३ मध्ये अर्थव्यवस्था जीडीपीच्या जेमतेम ५७ टक्के भरते.

स्वतःचा फुगलेला आकडा स्वतःच टाचणी लावून फोडणारं सरकारी कार्यालय! मला विचाराल तर आयर्लंडकडून घ्यायची पहिली गोष्ट ही आहे.

ॲपलचा खटलाही असाच. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये सांगितलं की ॲपलकडून १३ अब्ज युरो थकलेला कर वसूल करा. आयर्लंड म्हणाला, आम्हाला नको! आठ वर्षं कोर्टात भांडला, की आम्हाला हे पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात हरला आणि पैसे घ्यावे लागले. कंपन्या रुसतील ही भीती केवढी असेल बघा. भीतीला कारणही आहे. २०२३ मध्ये कंपनी करातून सुमारे २४ अब्ज युरो आले आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा फक्त दहा कंपन्यांचा होता. २००९ मध्ये डेलने लिमरिकमधलं उत्पादन पोलंडला हलवलं तेव्हा १,९०० नोकऱ्या एका घोषणेत गेल्या होत्या. ते तिथे कोणी विसरलेलं नाही.

वराडचा नातू

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वय ३८. वडील डॉक्टर अशोक वराडकर मुंबईहून गेलेले, मूळ गाव सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातलं वराड. आई वॉटरफर्डची, नर्स. दोघांची भेट इंग्लंडमधली. म्हणजे चाकरमान्यांच्या कोकणातला एक आणि बोटींच्या आयर्लंडमधली एक, दोघंही पोटापाण्यासाठी तिसऱ्याच देशात गेलेले. २०१९ च्या डिसेंबरअखेर वराडकर गावी आले तेव्हा आपल्या चॅनेलांनी 'मराठी माणूस' म्हणून छाती फुगवली. ठीक आहे. पण मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या कोकणाने त्या देशाची गोष्ट थोडी जास्त आपुलकीने ऐकायला हवी होती.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ५१ लाखांवर गेली. १८५१ नंतर प्रथमच ५० लाखांच्या वर. त्यातले २० टक्के बाहेर जन्मलेले. आज तिथे दवाखान्यांत, आयटी कंपन्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत, त्यात मराठी घरंही आहेत.

म्हणजे गोष्ट सुखान्त झाली? अजून नाही. मंदीत बांधकाम जे थांबलं ते लोकसंख्येच्या वेगाने परत सुरूच झालं नाही. आज भाडं परवडत नाही म्हणून तिशीतली कमावती मुलं आईबापांकडे राहतात. सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यांत राहणाऱ्यांची संख्या १५,००० च्या वर गेलीय. हा राग बाहेरून आलेल्यांवर निघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये दंगल झाली, २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या वकिलातीला सावधगिरीची सूचना काढावी लागली. स्वतः दीडशे वर्षं परक्या दारात उभं राहिलेल्या समाजात हे घडावं, याचं तिथल्याही अनेकांना वाईट वाटतं.

आणि तो जुना आकडा? एप्रिल २०२४ पर्यंतच्या वर्षभरात सुमारे दीड लाख माणसं देशात आली. पण सुमारे ७०,००० गेलीही, त्यातली १०,००० हून जास्त एकट्या ऑस्ट्रेलियाला. बेकारी चार-साडेचार टक्के, तिजोरीत शिल्लक, दरडोई जीडीपी जगात वरच्या नंबरात, आणि तरी पोरं निघाली. पूर्वी नोकरी नव्हती म्हणून जायची. आता नोकरी आहे, घर नाही म्हणून जातात.

मग आयर्लंडकडून शिकायचं काय? कर कमी ठेवला, हे खरं. पण त्याच्या जोडीला शाळा फुकट केल्या आणि दारात बस उभी केली. बायकांना कामावर येऊ दिलं. विरोधी पक्षाने एकदा तरी देशासाठी खुर्ची पणाला लावली. हे सगळं जमल्यावर कमी कराचा उपयोग झाला. आणि ज्या दहा वर्षांत हे सोडून नुसत्या जमिनीच्या भावावर श्रीमंत व्हायला गेले, त्या दहा वर्षांनी देश विकायची वेळ आणली.

आपल्याकडेही आता ट्रिलियनचे आकडे रोज कानावर पडतात. ते खरे असतील, असूद्यात. पुढच्या वेळी कोणी ऐकवला की आपल्या गावात, आपल्या तालुक्यात एक चक्कर मारा आणि विचारा: यंदा बारावी झालेल्या पोरांपैकी किती इथे राहिली, किती गेली, आणि गेलेल्यांतली किती स्वखुशीने गेली? हा हिशोब करायला कुठल्याही सांख्यिकी कार्यालयाची गरज नाही.

असो. पोस्ट फार लांबली.  कमेंटमध्ये आपल्या गावाचा आकडा लिहा, वाचायला आवडेल.